घरातले फोटो आणि खिशातला साधा कॅमेरा

दिवाळीच्या साफसफाईत भाचीला माझ्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा सापडला. बारा मेगापिक्सेल, पाचपट झूम, शर्टाच्या खिशात मावणारा. कॉलेजातल्या मुलांना हल्ली या ‘डिजिकॅम’चं भलतंच वेड आहे, त्यामुळे स्वारी खूश होऊन कॅमेरा घेऊन गेली आणि आठवड्याभरात तोंड पाडून परत आली. “मामा, बाहेर एकदम भारी फोटो येतात. घरात काढले की काळे येतात, नाहीतर हलतात, नाहीतर सगळे भुतासारखे पांढरे.”

मला हसू आलं. हिच्या धाकट्या भावाच्या बारशाला मी याच कॅमेऱ्याने सत्तर फोटो काढले होते आणि दाखवण्यासारखे नऊ निघाले होते. पाळण्यात बाळ आहे हे त्यातल्या दोनच फोटोंत कळत होतं. त्यानंतर चुकतमाकत जे समजलं, ते भाचीला चार संध्याकाळी बसवून दाखवलं. तेच इथे क्रमाने लिहितो आहे. ट्रायपॉड, छत्र्या, स्टुडिओचे दिवे यांतलं काही लागणार नाही. एक पांढरी चादर आणि पाव किलो तांदूळ मात्र लागतील.

तक्रारी तीन, दुखणं एक

भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. लक्स हे उजेड मोजायचं माप. रात्री एक ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमध्ये हाच आकडा शंभर-दीडशेवर येतो, म्हणजे जवळजवळ हजारपट कमी. आपले डोळे मुकाट्याने जुळवून घेतात, म्हणून आपल्याला हॉल ‘लख्ख’ वाटतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्यात खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्यावर उजेड पडून फोटो उमटतो तो तुकडा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान, सुमारे ६ मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर. लग्नातल्या फोटोग्राफरकडे जो फुल फ्रेम कॅमेरा असतो त्याचा सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळात तीसपट मोठा.

नळाला धार बारीक असली की बादली भरायला वेळ लागतो. इथेही तसंच. उजेड कमी पडला की कॅमेरा तीनपैकी काहीतरी करतो. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारं दार, जास्त वेळ उघडं ठेवतो, मग फोटो हलतो. आयएसओ वाढवतो, म्हणजे जेवढा उजेड मिळाला तेवढाच फुगवून दाखवतो, मग फोटो रवाळ होतो, ‘फुटतो’. नाहीतर फ्लॅश मारतो, मग पुढचे पांढरे आणि मागचे काळे. भाचीची तिन्ही गाऱ्हाणी या एका टंचाईतून आलेली आहेत. त्यामुळे पुढे जे काही सांगतो आहे त्यातलं बहुतेक सगळं दोनच गोष्टींबद्दल आहे: उजेड वाढवायचा कसा, आणि आहे तो वाया घालवायचा नाही कसा.

आधी एक संध्याकाळ मेनूत घालवा

समारंभाच्या दिवशी मेनू उघडून बसू नका. आदल्या दिवशी चहा घेत हे करून टाका.

मोड ‘ऑटो’वरून ‘पी’ किंवा ‘प्रोग्रॅम’वर आणा. हिरव्या ऑटोमध्ये कॅमेरा तुमचं काही ऐकत नाही, ‘पी’मध्ये आयएसओ, रंग, उजळपणा तुमच्या हातात येतात. फ्लॅश बंद करा, म्हणजे विजेच्या बाणावर काट मारलेलं चिन्ह निवडा. डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचा बंद करा. तो झूम नसतोच, फोटो कापून ताणलेला असतो. फोटोचा आकार सर्वांत मोठा ठेवा. घड्याळ बरोबर लावा, पण फोटोवर तारीख छापायचा पर्याय बंद करा. घरोघरच्या अल्बममध्ये कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत १ जानेवारी छापलेले शेकडो फोटो आहेत, त्यांत भर नको.

मग लेन्स पुसा. चष्म्याच्या कापडाने, फुंकर मारून, हलक्या हाताने. शर्टाच्या टोकाने किंवा पदराने नाही. लेन्सवर बोटाचा ठसा असला की घरातल्या दिव्यांभोवती धुकट वलय येतं आणि सगळा फोटो दुधाळ दिसतो. कितीतरी ‘खराब झालेले’ कॅमेरे निव्वळ पुसायचे राहिलेले असतात.

शेवटी बटण अर्धं दाबायची सवय करा. शटरचं बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवी चौकट येऊन टिक् वाजलं की फोकस झाला, मग पूर्ण दाबायचं. जुना कॅमेरा फोकस शोधायला वेळ घेतो, म्हणून तर बाळाचं हसू निघून गेल्यावर फोटो निघतो. अर्धं दाबून धरा आणि हसण्याची वाट बघा. अंधारात फोकस लागत नसेल तर चेहऱ्याच्या गुळगुळीत गालावर न धरता, तेवढ्याच अंतरावरच्या ठळक रेषेवर धरा. साडीचा काठ, सदऱ्याची बटणपट्टी, मंगळसूत्र, काहीही चालेल. तिथे अर्धं दाबा, तसंच धरून ठेवत कॅमेरा हवा तिकडे वळवा, मग पूर्ण दाबा. समोर बारीक नारिंगी दिवा लागतो तो याच कामासाठी असतो, त्यावर बोट येऊ देऊ नका.

माणूस उजेडाकडे न्या

सगळ्यात मोठा फरक याने पडतो आणि खर्च शून्य. दिवसा खिडकीपासून दोन फुटांवर उजेड सहज हजार लक्सपर्यंत जातो. तिथून सात-आठ फूट आत सोफ्यावर बसलेल्या माणसापर्यंत त्याचा थोडासाच भाग पोचतो. पण आपण फोटो काढतो सोफ्यावरच, कारण माणसं तिथे बसलेली असतात.

हिशोबच करून बघा. रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये आयएसओ १०० वर ठेवला तर साध्या कॅमेऱ्याला शटर सेकंदाचा सहावा हिस्सा उघडं ठेवावं लागतं. एवढ्या वेळात हातही हलतो आणि माणूसही. त्याच माणसाला दिवसा खिडकीशी आणलंत की तेच काम सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात होतं. कॅमेरा तोच, माणूस तोच, मधे फक्त आठ पावलं.

कसं बसवायचं? माणसाची पाठ खिडकीला नको, नाहीतर चेहरा काळा ठिक्कर. तोंड अगदी खिडकीकडेही नको, तेव्हा चेहरा सपाट दिसतो. खिडकी माणसाच्या एका बाजूला जरा पुढे असावी, म्हणजे उजेड तिरपा पडतो, नाकाची सावली गालावर हलकीशी येते आणि चेहऱ्याला गोलाई मिळते. दुसरी बाजू फारच गडद दिसत असेल तर तिथे पांढरी चादर धरायला कुणाला तरी उभं करा. चार्ट पेपर किंवा पांढरा पंचासुद्धा चालतो. जेवढा जवळ, तेवढा परिणाम जास्त. मी एकदा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर चादर टाकून काम भागवलं होतं.

थेट ऊन आत येत असेल तर ते चांगलं वाटतं, पण चेहऱ्यावर ग्रीलच्या गजांच्या सावल्या पडतात आणि माणूस कोठडीत असल्यासारखा दिसतो. अशा वेळी खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा, किंवा धुऊन विरलेलं जुनं सुती पातळ किंवा धोतर दोन क्लिपांनी अडकवा. ऊन गाळून आलं की ते मऊ होतं. पावसाळ्यात हे करावंच लागत नाही, ढगच पडद्याचं काम करतात. फक्त उजेड मुळात कमी, म्हणून खिडकीच्या आणखी जवळ सरका.

खिडकीपेक्षाही मला दार आवडतं. कोकणातल्या जुन्या घरात माजघर दुपारीसुद्धा काळोखं असतं, पण ओटीच्या दारात, उंबरठ्याच्या आत एक पाऊल, बाहेर तोंड करून आजीला उभं केलं की जो उजेड पडतो त्याला तोड नाही. मागचा काळोख आपोआप पडदा होतो. चाळीतल्या गॅलरीचं दार, फ्लॅटच्या बाल्कनीचं दार, सगळीकडे हाच प्रयोग होतो. तुम्ही बाहेर उभे राहायचं, माणूस आत.

दिवसा फोटो काढताना घरातले दिवे बंद करा. हे विचित्र वाटेल, पण कारण रंगांबद्दल लिहिताना येईल.

आता रात्र. ट्यूबलाइट भिंतीवर असते आणि माणसं तिच्या खाली भिंतीला टेकून बसतात, म्हणजे उजेड त्यांच्या डोक्यावर आणि चेहरे सावलीत. उलट करा. तुम्ही ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि माणसांना तिच्याकडे तोंड करून बसवा. पीओपीच्या छतातले गोल दिवे त्याहून वाईट, ते बरोबर डोक्यावर असतात आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. माणसाला दिव्याच्या खालून दोन पावलं मागे सरकवा आणि हनुवटी किंचित वर करायला सांगा. मुलांचा टेबललॅम्प असेल तर तो चेहऱ्यावर न रोखता शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर रोखा. सगळी भिंतच दिवा होऊन जाते.

झूमला हात लावू नका

लेन्सभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत १:२.८–५.९ किंवा त्यासारखे आकडे कोरलेले असतात. कॅनन इक्सस असो, निकॉन कूलपिक्स असो की सोनी सायबरशॉट, हे कुठे ना कुठे लिहिलेलं सापडेल. पहिला आकडा झूम न केलेल्या लेन्सचा, दुसरा पूर्ण झूमचा. आकडा लहान तितका उजेड जास्त. २.८ वरून ५.९ वर गेलं की आत येणारा उजेड चारपटीहून कमी होतो. म्हणजे मोठ्या कष्टाने खिडकीशी मिळवलेलं सगळं एका झूमच्या बटणाने गमवायचं. शिवाय झूम केल्यावर हाताचा थोडासा कंपही मोठा होऊन दिसतो.

तेव्हा झूम पूर्ण मागे, आणि पायांनी पुढे जा. पण फार पुढेही नको. झूम न करता दोन फुटांवरून चेहरा टिपला की नाक बटाट्याएवढं येतं आणि कान गायब होतात. घरातल्या बायका “माझा फोटो चांगला येत नाही” म्हणतात त्यात या दोन फुटांचा वाटा मोठा आहे. पाच-सहा फुटांवर थांबा, फोटो काढा आणि नको असलेला भाग नंतर कापा. बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तरी २००० बाय १५०० उरतात, आणि सहा बाय चार इंची छापील फोटोला १८०० बाय १२०० पुरतात.

कॅमेरा टेकवा

झूम न करता सेकंदाचा तिसावा हिस्सा हातात धरून निभावता येतो. त्याहून सावकाश शटरला काहीतरी आधार हवा. बरेच कॅमेरे बटण अर्धं दाबल्यावर पडद्यावर १/३०, १/८ असे आकडे दाखवतात, किंवा हात थरथरतोय असं चिन्ह लुकलुकवतात. ते दिसलं की आधार शोधा.

सर्वांत सोपा आधार स्वतःचाच. कोपरं बरगड्यांना चिकटवा, पाठ भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेका, श्वास हळू सोडा आणि सोडतासोडता बटण दाबा. दाबा म्हणजे दाबा, ठोकू नका. कॅमेऱ्याचा पट्टा मानेत किंवा मनगटाला असेल तर तो ताणून धरला की कॅमेरा बराच स्थिर राहतो.

आता ते तांदूळ. छोट्या कापडी पिशवीत पाव किलो तांदूळ घालून तोंड शिवून टाका. ही पिशवी स्टुलावर, फ्रिजवर, खुर्चीच्या पाठीवर, कुठेही ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा बसवायचा. हवा तसा तिरका होतो आणि घसरत नाही. मग सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा, म्हणजे बटण दाबताना बसलेला धक्का फोटो निघेपर्यंत विरतो. असा टेकवलेला कॅमेरा आयएसओ १०० वर, सेकंदभर शटर उघडं ठेवूनसुद्धा स्वच्छ फोटो देतो. देवघर, रांगोळी, रुखवत, ताटातला नैवेद्य, ज्या गोष्टी हलत नाहीत त्या सगळ्या अशाच काढाव्यात. दहा सेकंदांचा टायमर लावलात तर फोटो काढणाराही फोटोत येतो. आमच्याकडच्या पंधरा वर्षांच्या फोटोंत मी जवळजवळ नाहीच, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आणखी एक युक्ती. कॅमेऱ्यात एकामागोमाग फोटो काढायचा पर्याय असेल तर तो लावा आणि बटण दाबून धरून तीन-चार फोटो होऊ द्या. पहिल्यात बोट दाबल्याचा धक्का असतो, शेवटच्यात उचलल्याचा. मधले बहुधा स्थिर निघतात.

पण हे सगळं आपल्या हाताच्या कंपावरचे उपाय आहेत. समोरचं माणूस हललं तर तांदूळ काय करणार? लेन्सच्या आत कंप सावरणारी सोय असेल तरी तीही फक्त तुमचा हात सावरते. गप्पा मारणाऱ्या माणसांना सेकंदाचा साठावा हिस्सा आणि धावणाऱ्या पोरांना सव्वाशेवा हवा. तिथे आयएसओ वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

आयएसओ किती?

एवढ्याशा सेन्सरवर ४०० पर्यंत निर्धास्त जा, ८०० गरजेला, १६०० अगदीच नाइलाज असेल तर. ऑटोवर सोडलंत तर कॅमेरा कधी उगाच वर जातो, कधी उगाच खाली राहून फोटो हलवतो. माझा नियम एवढाच: रवाळ फोटो चालतो, हललेला नाही. रवाळ फोटोतली आजी ओळखू येते.

फ्लॅश: कधी नको, कधी हवाच

बारीक फ्लॅशची पोच झूम न करता साधारण तीन मीटर, झूम केल्यावर दोनच्या आसपास. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा उरतो. पहिल्या रांगेतली काकू एक मीटरवर आणि मागचे काका तीन मीटरवर असतील तर काकू पांढऱ्याफटक आणि काका अंधारात, हे ठरलेलंच. फ्लॅश वापरायचाच असेल तर सगळे जवळपास एकाच अंतरावर हवेत, दीड ते अडीच मीटरांच्या पट्ट्यात. माणसांना भिंतीला चिकटवू नका, मागे काळी धारदार सावली उमटते. चार-पाच फूट पुढे घ्या. कॅमेरा उभा धरताना फ्लॅश वरच्या बाजूला येईल असाच धरा. तो खाली आला तर उजेड हनुवटीखालून पडतो आणि माणूस भयपटातला दिसतो.

डोळे लाल होतात कारण फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, त्यातून आत गेलेला उजेड डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांवरून सरळ लेन्सकडे परततो. घरातले सगळे दिवे लावा, म्हणजे बाहुल्या आक्रसतात, आणि माणसाला लेन्सच्या किंचित बाजूला बघायला सांगा. कॅमेऱ्यातली लाल डोळे टाळायची सोय आधी एकदा लुकलुकते, मग खरा फ्लॅश मारते. त्या पहिल्या लुकलुकीलाच लोकांना वाटतं फोटो झाला आणि ते उठतात. आधी सांगून ठेवा.

फ्लॅशची धार कमी करायला त्यावर पांढऱ्या टिश्यू पेपरचा किंवा बटर पेपरचा एक पदर सेलोटेपने चिकटवा. लेन्सवर येऊ देऊ नका. पोच कमी होते, तेव्हा जवळ जा.

आता फ्लॅश हवाच असतो ती वेळ. माणूस खिडकीला पाठ करून आहे, हलवता येत नाही आणि मागचा पाऊस किंवा डोंगरही फोटोत हवा आहे. अशा वेळी फ्लॅश सक्तीचा करा, नुसत्या विजेच्या बाणाचं चिन्ह. चेहरा उजळतो आणि बाहेरचंही दिसतं. दुसरी वेळ संध्याकाळची, कंदील, पणत्या, रोषणाई मागे असताना. तिथे माणूस आणि चांदणी किंवा चंद्र असं चिन्ह असलेला रात्रीचा मोड लावा. तो आधी फ्लॅश मारून माणूस टिपतो आणि शटर थोडा वेळ उघडं ठेवून मागचे दिवेही घेतो. कॅमेरा टेकवलेला हवा आणि फ्लॅशनंतर माणसाने क्षणभर पुतळा व्हायला हवं.

भिंतीवरच्या काचेच्या फ्रेमा, शोकेस, चष्मा यांच्यासमोर फ्लॅश मारला तर काचेत सूर्य उगवतो. जरा तिरकं उभं राहा, नाहीतर फ्लॅश बंद.

पिवळं, हिरवं, निळं

केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. निरांजनाची ज्योत साधारण १९०० केल्विन, पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५००, पांढरी ट्यूबलाइट ६५००. आकडा लहान तितका उजेड पिवळा-तांबडा, मोठा तितका निळसर. कॅमेऱ्यातलं व्हाइट बॅलन्स हे ओळखून पांढऱ्याला पांढरं दाखवायचा प्रयत्न करतं. एकाच जातीचा उजेड असेल तर ते बऱ्यापैकी जमतं. खिडकीतून ऊन आणि वर पिवळा बल्ब, असं मिश्रण असलं की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा हळद लावल्यासारखा. दिवसा दिवे बंद करा म्हटलं ते म्हणून.

ऑटोला जमत नसेल तर बल्बचं किंवा ट्यूबचं चिन्ह निवडून बघा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ‘कस्टम’. ज्या उजेडात फोटो काढायचा तिथे कोरा पांढरा कागद धरा, त्याने सगळा पडदा भरा आणि मेनूत सांगितलेलं बटण दाबा. कॅमेऱ्याला कळतं की इथे पांढरं म्हणजे हे. फक्त जागा बदलली की परत ऑटोवर आणायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी सहल निळी झाली.

एक गंमत, जी मला बरीच वर्षं छळत होती. एकाच जागेवरून काढलेला एक फोटो बरा, पुढचा पिवळट, तिसऱ्यात आडवे काळे पट्टे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर फार भराभर उघडमीट झालं तर ते एखादा मंद क्षण पकडतं. अशा वेळी आयएसओ कमी करा, म्हणजे शटर आपोआप पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास किंवा खाली येतं आणि पट्टे जातात.

पांढरी साडी आणि काळा विठोबा

कॅमेऱ्याला जग सरासरी करड्या रंगाचं वाटतं. आजी पांढऱ्या साडीत पांढऱ्या भिंतीसमोर बसली की तो म्हणतो फार उजेड झाला, आणि फोटो मळकट काढतो. काळ्या पाषाणाची मूर्ती समोर आली की म्हणतो अंधार आहे, आणि काळ्याचं राखाडी करतो. अधिक-वजा चिन्हाचं बटण यासाठी आहे. पांढरं जास्त असेल तर +२/३, काळं जास्त असेल तर –२/३, माणसामागे खिडकी असेल तर +१. पांढऱ्याला वाढवायचं आणि काळ्याला कमी करायचं, हे पहिल्यांदा उलटं वाटतं.

दोन प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

घरचा गणपती. सकाळी प्रतिष्ठापनेनंतर लगेच, विजेच्या माळा बंद ठेवून, दारं-खिडक्या उघडून पहिला फोटो घ्या. मूर्तीचे रंग त्या उजेडात जसे दिसतात तसे रात्री कधीच दिसत नाहीत. कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, उभं राहून वरून काढलं तर मुकुट मोठा आणि पोट लहान दिसतं. पाटासमोर स्टूल, स्टुलावर तांदळाची पिशवी, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. फ्लॅश अजिबात नको, रंगकामाच्या चकाकीवर पांढरे डाग पडतात. रात्री माळा लावून त्याच जागेवरून –२/३ करून दुसरा. आरतीच्या वेळी आयएसओ ८००, झूम मागे, पाठ भिंतीला, एकामागोमाग चार-पाच फोटो. ताम्हन धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ज्योतीचा जो तांबूस उजेड पडतो तोच खरा फोटो आहे, तो ऑटो व्हाइट बॅलन्सला पुसू देऊ नका. मेणबत्तीचं चिन्ह असलेला मोड असेल तर तो वापरा, नाहीतर उन्हाचं चिन्ह निवडा. फ्लॅश मारलात तर ज्योत विझल्यासारखी दिसते. शिवाय धुपाचे आणि धुळीचे कण लेन्ससमोर चमकून हवेत पांढरे गोळे उमटतात. आमच्या नात्यात हे गोळे दैवी मानणारी माणसं आहेत. मी वाद घालत नाही, फक्त फ्लॅश बंद ठेवतो.

दुसरा प्रसंग, छोट्या हॉलमध्ये पंधरा माणसं. जेवणं व्हायच्या आधी फोटो घ्या, नंतर कुणी सापडत नाही. खिडकीला पाठ करून तुम्ही उभे राहा, सगळे तुमच्याकडे तोंड करून. मुलं सतरंजीवर, वडीलधारे खुर्च्यांवर, बाकीचे मागे उभे, तिन्ही रांगा शक्य तितक्या चिकटून. झूम मागे असताना कडेची माणसं रुंद दिसतात, म्हणून काठाला सडपातळ माणसं ठेवा आणि कारण सांगू नका. फोटो काढण्याआधी दोन सेकंद पडद्याच्या चारी कडांवर नजर फिरवा. वाळत घातलेले कपडे, अर्धा स्विचबोर्ड, कुणाच्या डोक्यातून उगवलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, हे सगळं आत्ता हलवता येतं. एका फोटोवर थांबू नका. पंधरा जणांत कुणीतरी डोळे मिटतंच, म्हणून निदान पाच घ्या.

बाळाचं तर अगदी सोपं. पाळण्याच्या झालरीत उजेड पोचत नाही, तेव्हा पाळण्यातला एक फोटो आठवणीपुरता काढा. मग बाळाला खिडकीजवळ गोधडीवर ठेवा आणि स्वतः जमिनीवर पालथे झोपा.

फोटो झाल्यावर

छोट्या पडद्यावर सगळे फोटो छान दिसतात. दोन-तीन काढल्यावर एक फोटो मोठा करून डोळे रेखीव आहेत का बघा, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. पडदा अंधारात उजळ दिसतो, त्यामुळे ‘बरोबर’ वाटलेला फोटो घरी काळपट निघतो. त्यातल्या त्यात हे निस्तरता येतं. संगणकावर किंवा फोनवर थोडा उजळ करा, थोडा कापा, तिरका असेल तर सरळ करा, बस्स. गाल गुळगुळीत करायचं बटण आजीवर वापरू नका.

मेमरी कार्ड शोधताना एक लक्षात असू द्या. एसडीएचसी, म्हणजे दोन जीबीहून मोठी, कार्डं २००६ साली आली. त्याआधीचा कॅमेरा असेल तर तो दोन जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच वाचतो, नवं मोठं कार्ड घातलं तर नुसती एरर दाखवतो. दुकानदार म्हणेल कॅमेरा गेला, पण तो ठीक असतो.

काम झालं की बॅटरी काढून ठेवा, पेन्सिल सेल असतील तर नक्कीच. ते आत गळतात आणि कप्पा हिरवा-पांढरा करून टाकतात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून कॅमेरा त्यात ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या पुड्या चालतात. आणि चार्जर त्याच डब्यात ठेवा. भाचीला कॅमेरा एका मिनिटात सापडला होता, चार्जर शोधायला आम्हाला तीन दिवस लागले.